सहावा रकाना

माझं इंग्रजी फार चांगलं होतं. बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं त्यापायीच घडलं, म्हणून आधी सांगून टाकते.

नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी सोनाळ्याची, शेतकऱ्याच्या घरची. अमरावतीला मामाकडे राहून इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि बुलढाण्याला मुलींच्या शाळेत लागले. एकट्या पोरीनं खोली घेऊन राहायचं म्हटल्यावर माझ्या बापानं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून मी काका-काकूंकडे राहिले. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. बुलढाण्यातच एका कचेरीत कारकून. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे आम्ही सगळे तसं म्हणायचो. "तिकडं लेकरंबाळं नाहीत, तुले वह्या तपासाले निवांत भेटन," हे माझ्या आईचे शब्द, माझी ट्रंक भरतानाचे.

शाळेत मी पहिल्याच वर्षी एक खूळ काढलं. दर शुक्रवारी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचा. शब्द साधा, रोजच्या तोंडातला. आणि त्याचे असतील नसतील तेवढे अर्थ आणि सिनॉनिम मुलींकडून वदवून घ्यायचे. एकदा पुण्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी तास ऐकला आणि जाताना म्हणाले, "वऱ्हाडात राहून बरं जमतं हो तुम्हाला." आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तो टोमणा होता हे कळायला मला दहा वर्षं लागली. एवढी शहाणी होते मी!

काका कचेरीत स्टेशनरीच्या टेबलावर होते. कागदाचे दस्ते, टाक, रेघा मारायचे रूळ, शाईच्या पुड्या, टाचण्या, कार्बन. इंग्रजी त्यांचं बेताचंच, पण एक शब्द दिवसातून पंचवीस वेळा तोंडी. इश्यू. "आज साहेबाले तीन दस्ते इश्यू केले." "रूळ इश्यू केला, पाच वाजता परत घेतला." रेशनच्या रांगेत उभे राहिले तरी पुढच्याला विचारायचे, "मिलो जवारी इश्यू होऊन राह्यली का बे?" त्यांच्या रजिस्टरचा त्यांना मोठा अभिमान. वस्तू परत आली म्हणून नोंद खोडायची नाही, हा त्यांचा नियम. दिल्याची ओळ राहते, शेजारी परत आल्याची ओळ राहते. "खोडलं का संपलं, मंग गेल्ती कुठं याले काय पुरावा?" असं ते जेवताना आम्हाला समजावून सांगत. काकू मान डोलवायची आणि ताटात भाकरी टाकायची.

तर एका गुरुवारी मी तोच शब्द घेतला. उद्याच्या तासाची तयारी मी मोठ्यानं बोलून करायची. काकू समोर सुपात तूर निवडत बसलेली. ती तिसरी शिकलेली होती, पण माझे हे पाठ ऐकायला तिला आवडायचं. रेडिओ नव्हता घरात, मीच तिचा रेडिओ. मी सांगत सुटले. मासिकाचा अंक तो इश्यू. भांडणाचा मुद्दा तो इश्यू. सामान वाटलं, हुकूम काढला, नोटा काढल्या, तेही. आतून बाहेर पडणं, धुराड्यातून धूर निघतो तसं, तेही. शेवटचा निकाल, परिणाम, तेही. आणि अपत्य. अपत्याचे पुन्हा सिनॉनिम, चाइल्ड, ऑफस्प्रिंग, प्रॉजेनी. शब्दकोशात रक्त वाहणं असाही एक जुना अर्थ होता. तो मी मुलींना सांगणार नव्हते, नवव्या वर्गाच्या पोरी नुसत्या खिदळल्या असत्या.

"बाप्पा! एवढ्याशा शब्दाच्या पोटात एवढं?" काकू हसली. "तुह्या काकाले एकच ठाव हाये."

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अपत्य म्हंजे लेकरूच ना वं?"

"हो."

"हाव," म्हणाली, आणि सूप पाखडू लागली. मला काही वेगळं वाटलं नाही. माझं लक्ष प्रॉजेनीच्या स्पेलिंगात होतं.

दुसऱ्या दिवशी तास असा रंगला की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि शनिवारी काकांनी कचेरीतून फॉर्म आणला.

सरकारनं नवी योजना काढली होती. नोकरीतला माणूस गेला तर मागं बायकोला पेन्शन. काका भलतेच खूश होते. "माह्या मागं तुले कोणापुढं हात पसरायची गरज नाई," असं काकूला तीनदा सांगून झालं. राज्यकारभार मराठीतून होणार अशी भाषणं तेव्हा जिकडंतिकडं चालली होती, पण फॉर्म मात्र इंग्रजीच. काकांचं अक्षर म्हणजे कागदावर कोंबडी नाचलेली. "तूच लिव बेटा," मला म्हणाले, "साहेबानं विचारलं पाह्यजे, कोणाचं अक्षर हाये म्हणून."

रविवारी सकाळी मी ओसरीवर पाट मांडून, टाक-दौत घेऊन थाटात बसले. नाव, हुद्दा, पगार, बायकोचं नाव, बायकोचं वय. सहावा रकाना इश्यूचा. असल्यास नावं आणि जन्मतारखा लिहा. काका अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते.

"काका, सहाव्यात काय?"

"कायचा हाये?"

"मुलांचा."

"निल टाक," काका मान वर न करता म्हणाले.

मी निल टाकलं. माझ्या एन या अक्षराला एक सुरेख वळण होतं, कॉलेजात मैत्रिणी ते गिरवायच्या. ते दिलं.

चुलीपाशी काकू भाकरी थापत होती. तिथून तिनं विचारलं, "काय लिवलं वं?"

"अगं, परवाचाच शब्द आला बघ काकू फॉर्ममध्ये! इश्यू. तो लेकरांचा रकाना आहे."

"मंग? काय लिवलं?"

"निल. म्हणजे काही नाही. शून्य." आणि मी, अक्कलशून्य बाई, तिथंही थांबले नाही. निलचे सिनॉनिमही सांगितले. झिरो, नथिंग, नॉट. शिकवायची खोड जात नव्हती ना!

तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास यायला लागला तरी ती उलटेना. मी उठून आत गेले. काकू हात पिठातच ठेवून बसली होती.

"मले झाली होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, "मले झाली होती पोरगी. नऊ दिवस होती."

बावीस वर्षांची होईपर्यंत मी हे ऐकलं नव्हतं. ज्या घरात मी जन्मले, त्याच सोनाळ्याच्या घरात, त्याच खोलीत, माझ्यानंतर दीड वर्षानं ती झाली होती. माझ्या आईनं तिला न्हाऊ घातलं होतं. आठव्या दिवशी तिची दातखिळी बसली, दूध घेईना, नवव्या दिवशी दुपारी गेली. काकांनी तिला फडक्यात गुंडाळून शेतात नेलं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या झाडाखाली पुरलं. बारशाआधी गेलेलं लेकरू आमच्याकडे लेकरात धरत नाहीत. त्याचं सुतक नाही, दिवस नाहीत. सासूनं काकूच्या छातीला घट्ट पट्टा बांधला, दूध आटावं म्हणून, आणि सांगितलं की आता याच्यावर बोलायचं नाही, बोललं की पुढचं टिकत नाही. पंधरा दिवसांनी काकू कापूस वेचायला गेली. बोललीही नाही. पण पुढचं काही झालंच नाही. मग तिला कुणाच्या ओटीभरणाला बोलावणं बंद झालं. आणि कुणी विचारलं, लेकरं किती, तर सगळे म्हणत, नाहीत. मी पण म्हणायचे.

काका हातांचं तेल पुसत आत आले, आणि काकू त्यांना म्हणाली, "आवो, थे बदलून टाका. एक लिवा."

"काय एक?"

"एक झाली होती म्हणून लिवा. गेली असं बी लिवा. पण लिवा."

काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी त्यांना रागावलेलं फार वेळा पाहिलं होतं, तसा तो राग नव्हता. पण आवाज मोठा झाला. "डोकं ठिकाणावर हाये का तुहं? मेलेल्या लेकराले पेन्शन भेटते का? कचेरीतले लोकं हसतीन मले!"

"मी पेन्शन मांगून राह्यली का?" काकू म्हणाली. तिचा आवाज काही चढला नाही. "तुमचा रूळ देल्ला अन् परत आला, तरी रजिस्टरात ठेवता ना तुमी? खोडत नाई म्हणता. मंग माह्यी पोट्टी काऊन खोडता?"

काका मागच्या पावली अंगणात उतरले. सायकल घेऊन जे गेले ते तिसऱ्या प्रहरी आले. सोमवारी फॉर्म द्यायचा होता.

मधल्या वेळात काकू माझ्याकडे आली. मी वह्या तपासत होते, शब्दकोश माझ्या मांडीशी होता. तो जाडजूड कोश मी अमरावतीहून आणलेला, काकू त्याला पोथीसारखी लांबूनच बघायची, हात लावायची नाही. त्या दिवशी तिनं पदराला हात पुसला आणि कोशावर ठेवला.

"तू पाह्य याच्यात," म्हणाली. "एवढे अर्थ हायेत त्याचे. गेलेलं लेकरू धरतात का नाई, असंन ना लिवलेलं. तुह्या काकाले दाखव. तुह्यं आयकतीन थे."

काकांनी माझं ऐकलं असतं. हेच तर मला आजही टोचतं. घरात माझ्या इंग्रजीचा शब्द शेवटचा असे. कोश उघडायचा, बघायचं, आणि काकांना सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण फॉर्मवर खाडाखोड करावी लागणार होती. माझ्या त्या देखण्या अक्षरावर काट! आणि खरं सांगायचं तर मला तो सगळा प्रकार कसातरीच वाटत होता. वीस वर्षांपूर्वीचं नऊ दिवसांचं मूल, त्याचं आता काय, असं मनात आलं. मी कोश उघडलाच नाही.

"काकू, इश्यू म्हणजे जिवंत असलेलं मूल," मी सांगितलं. "गेलेलं नाही धरत त्यात."

"इंग्रजीत बी?"

"हो."

"इंग्रजीत बी नाई धरत?" तिनं पुन्हा विचारलं. साता समुद्रापलीकडच्या लोकांकडून तरी तिला काही आशा होती.

मी मान हलवली. ती उठली. दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "मले वांझोटी म्हणू दे लोकाइले. एवढे वर्ष आयकून राह्यली. पण थे नव्हतीच, असं नोको होतं लिवाले."

सोमवारी फॉर्म गेला. काका संध्याकाळी येऊन म्हणाले, साहेबानं अक्षराची तारीफ केली. काकूनं चहा ठेवला. काही दिवसांनी, शाळेत रिकामा तास होता तेव्हा, मी कोश उघडून पाहिलं. जिवंत असल्या-नसल्याचा त्यात एक शब्द नव्हता. अपत्य, एवढंच होतं. मी कोश मिटला आणि घरी जाऊन काहीही बोलले नाही. आता कशाला उकरा, असं स्वतःला सांगितलं. शुक्रवारी नवा शब्द होताच.

काकू पहिल्यासारखीच वागत होती. माझे पाठ मात्र ऐकायला बसेना. मी वाचायला लागले की तिला बाहेर काहीतरी काम निघायचं. मला वाटलं, रुसली आहे, येईल वळणावर.

पावसाळा संपता संपता मला परसातल्या दोरीवर साड्यांच्या आड वाळत घातलेली फडकी दिसायला लागली. महिन्याचे चार दिवस नाही, रोजच. एका घरात दोन बायका, मला कळत नव्हतं असं नाही. एकदा विचारलंही. "वय झालं का होतेच," म्हणाली, आणि मीही मानलं. तिचं वय बेचाळीसच्या आसपास. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात ती पाणी शेंदताना आडापाशी बसली ती उठेना. लुगडं मागून भिजलेलं होतं. काकांनी आणि मी तिला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती एकच म्हणत होती, टांग्यावाल्याची गादी खराब होऊन राह्यली म्हणून.

तिथली नर्स केरळकडची होती, तोडकंमोडकं मराठी बोलायची. खाटेशी उभी राहून केसपेपर लिहायला लागली. नाव, वय, कधीपासून. मग विचारलं, "बाळंतपण किती?"

"नाई," काका म्हणाले. तोंडात बसलेलं होतं ते.

"एक," काकू खाटेवरून म्हणाली.

नर्सनं काकांकडे पाहिलं, मग काकूकडे. "जिवंत?"

"नाई."

"किती दिवसाचं?"

"नऊ दिवस. पोरगी."

नर्सनं लिहिलं. मान वर केली नाही, हळहळली नाही, हसली नाही. एक बाळंतपण, मुलगी, नवव्या दिवशी मृत. लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ती निघून गेल्यावर काकूनं मला खूण करून जवळ बोलावलं.

"लिवलं का तिनं?"

"हो काकू."

"वाच."

मी वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, मराठी करून सांगितलं.

"जसं हाये तसं वाच."

मी इंग्रजीतून वाचलं. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तिनं डोळे मिटून ऐकलं, पूर्वी माझे पाठ ऐकायची तसं. तो कागद एका पाटीला अडकवून खाटेच्या पायथ्याशी लटकवला होता. काकू पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहायची. मला रडू आवरेना. मी तिला सांगून टाकलं, की कोशात तसं काही नव्हतं, मी न बघताच बोलले होते. वाटलं, आता तोंड फिरवेल.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "तुह्या मांडीशी पुस्तक मिटलेलंच होतं."

डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, पिशवीत गाठ आहे, फार पसरली आहे, नागपूरला न्या. पण नेण्यासारखी उरली नव्हती, हे त्यांच्या बोलण्यातच कळत होतं. अकरा दिवस ती तिथं होती. मी शाळेच्या आधी तासभर जायची आणि शाळेनंतर जायची.

दहाव्या दिवशी सकाळी तिला जरा हुशारी वाटत होती. मी आणलेली पातळ भाताची पेज चार घोट प्याली. माझा हात धरला आणि म्हणाली, "म्या तिचं नाव ठेवलं होतं वं. मनात. कोणालेच नाई सांगितलं. तुह्या काकाले बी नाई."

"हो?" मी म्हणाले. माझा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेदहा होऊन गेले होते, अकराला आठवी ब चा तास, आणि मोठ्या बाई आदल्याच दिवशी उशिरावरून बोलल्या होत्या.

"बारशाले तीनच दिवस राह्यले होते ना. तर म्या—"

"काकू, उद्या सांग," मी म्हणाले. "निवांत बसू आपण. उद्या शनिवार आहे, सकाळची शाळा, मी दुपारीच येते."

"हाव. जाय," ती म्हणाली. "उशीर नोको करू."

संध्याकाळी गेले तेव्हा ती ग्लानीत होती, मी उठवलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पोचले तर खाटेवर दुसरीच बाई होती. काका व्हरांड्यात सायकल धरून उभे होते. काकू नऊ वाजता गेली होती. मला निरोप द्यायला काकांना कुणी माणूस मिळाला नव्हता.

त्या शुक्रवारी फळ्यावर कोणता शब्द होता ते मला आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं.

काकूचा दहावा, तेरावा सगळं झालं. सोनाळ्याहून आई-बाबा आले होते, गेले. मी दवाखान्यात जाऊन तो कागद मागितला. नर्स म्हणाली, कागद इथंच राहतो, देता येत नाही. ओळखलं तिनं मला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण कागद दिला नाही. तिचंही खरं होतं.

महिन्याभरानं काकांनी पुन्हा तोच फॉर्म आणला. बायको गेली म्हणून माहिती नव्यानं भरून द्यायची होती. काका आता फार कमी बोलत. चेन तेलावाचून करकरत असे. रविवारी सकाळी मी पाट मांडला, दौत घेतली. काका या वेळी अंगणात गेले नाहीत. माझ्यासमोर बसले.

नाव, हुद्दा, पगार. बायकोच्या नावापुढं मयत. सहाव्या रकान्याशी मी थांबले. विचारलं नाही.

"एक लिव," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"एक. मुलगी. गेली असं लिव." मग त्यांचा बांध फुटला. ते लहान मुलासारखे रडले. "म्या माह्या हातानं ठेवली तिले त्या बोरीखाली. एवढीशी होती. धोंडा ठेवला वरतून, कुत्र्याइनं उकरू नये म्हणून. अन् घरी येऊन जेवलो. माय म्हणे जेव, जेवलो. हिनं बदला म्हटलं तवा मले थे सारंच आठवलं, म्हणून पळालो सायकल घेऊन. हसण्याचं निमित्त होतं नुसतं. कोण हसणार होतं कचेरीत?"

मी लिहिलं. एक कन्या, मयत. जन्मतारीख काकांना आठवत होती, साल-महिन्यासकट. ती लिहिली. नावाच्या जागी आडवी रेघ ओढली. काकांनी फॉर्म घडी न घालता पाकिटात ठेवला आणि सोमवारी स्वतः नेऊन दिला. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

तीन आठवड्यांनी फॉर्म वरच्या ऑफिसातून परत आला. सहाव्या रकान्याला लाल शाईचा गोल होता आणि बाजूला शेरा. मूल मयत असल्याबद्दल त्यांची काही हरकत नव्हती. शेरा एवढाच होता की अपत्याचं नाव नमूद नाही, नाव लिहावं, अन्यथा निल लिहून फॉर्म फिरून सादर करावा.

काकांनी मला तो वाचायला लावला. मग विचारलं, "तुले सांगितलं होतं का तिनं? दवाखान्यात? मले वाटे, मनात काहीतरी नाव होतं तिच्या. कधी कधी एकटीच पुटपुटे. म्या जवळ गेलो का चूप."

"सांगत होती," मी म्हणाले. "मी उद्या सांग म्हटलं."

काका माझ्याकडे बघत राहिले. ते मला बोलले असते, एक मुस्काटात दिली असती, तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

"एखादं नाव लिहू का, काका? कुणाला कळणार आहे?"

"नोको. तिच्या मायनं ठेवलं होतं तिले नाव. आपलं काऊन टाकायचं त्याच्यावर?"

त्यांनी कोरा फॉर्म काढला, तोही स्टेशनरीतूनच रीतसर इश्यू करून आणलेला, आणि दौत माझ्याकडे सरकवली. मी पहिल्यापासून सगळं लिहीत गेले. सहाव्या रकान्यात निल लिहिलं. काकांनी त्यावर टिपकागद दाबला, फॉर्म पाकिटात घातला आणि सायकल काढली.